झाडलेला चौक

मंगलचा हात वर गेला की सरांचा चेहरा आंबट व्हायचा. जळगावात सार्वजनिक धोरणात एम.ए. करायला आलेलो आम्ही सगळे पुस्तकी बोलायचो. धुळ्याकडच्या खेड्यातली ही पोरगी मात्र एखाद्या योजनेचे गोडवे ऐकून झाले, की खणखणीत अहिराणीत विचारायची, "सर, हाई बठ्ठं कोनाकरता शे?" म्हणजे, हे सगळं कुणासाठी? मी तिची नक्कल करू गेलो तर हसायची. "जाऊ दे भाऊ, तुना तोंडमा ते बसाव नही." तुझ्या तोंडात ते बसायचं नाही, म्हणे.

असल्या पोरीला आम्ही विद्यार्थी प्रतिनिधी निवडून दिलं, आणि सेवा दिन तिच्या हाती आला. सेवा दिन म्हणजे जवळच्या एका खेड्यातला आमचा वार्षिक फार्स. पाहुणे येणार म्हणून गाव आदल्या दिवशीच चौक झाडून ठेवी, आणि तोच चौक आम्ही फोटोसाठी पुन्हा झाडायचो. मग ग्रामसभेत पाहुण्यांचं भाषण.

त्या वर्षी मंगलने झाडू हातात घेतलाच नाही. सभेला नुसते पुरुष जमले होते, आणि विषय होता नळाला पाणी कधी सोडायचं. "पाणी भरणाऱ्या कुठे आहेत?" तिने विचारलं. बाया कापूस वेचायला गेल्या होत्या. सभेला बसल्या तर मजुरी बुडाली असती. मंगल आम्हा सगळ्यांना घेऊन थेट शेतात गेली.

"सभाले चला," ती बायांना म्हणाली.

"आनि कापूस कोन येची?" एका अक्काने कमरेवर हात ठेवला.

"आम्ही येचसूत. मजुरी तुमनीच."

बोंडांनी आमची बोटं सोलून काढली. तिकडे बाया कमरेची कापसाची ओटी तशीच बांधून पुढच्या रांगेत बसल्या, आणि पाणी संध्याकाळी सोडायचा ठराव करूनच उठल्या. पाहुण्यांचं भाषण राहून गेलं. चौकात फोटोपुरतंही कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला वर्गासमोर उभं केलं. "लेखी माफी माग, नाहीतर पद सोड."

"माफी? कोनाकरता?" मंगलने प्रतिनिधीचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि जागेवर जाऊन बसली. मला तिचा फार अभिमान वाटला.

सरांनी तोच बिल्ला माझ्यापुढे धरला. मी पडलो शिस्तीचा मुलगा. "पुढचा सेवा दिन तू बघ. झाडू, बॅनर, फोटो, सगळं नीट झालं पाहिजे."

मी उठलो. बोटं अजून चुरचुरत होती.

"सर," मी म्हणालो, "हाई बठ्ठं कोनाकरता शे?"

मागच्या बाकावरून मंगलचा आवाज आला, "तुना तोंडमा ते बसनं रे भाऊ, बसनं!"