आधी पंखा, मग पलंग

फर्निचरच्या दुकानात लाकडाचा भुसा सोडून दुसरं काय साठणार, असं तुम्हाला वाटत असेल. पण खरं सांगते, आमच्याकडं भुशापेक्षा किस्सेच जास्त साठलेत! भुसा निदान झाडून टाकता येतो. किश्शांचं तसं होत नाही. कुणाच्या लग्नात चार ओळखीचे भेटले, की जेवणाआधीच सुरू, "ताई, तो इंजिनियरचा सांगा ना!" त्यात आमचं दुकान लेकरांचे दोन मजली पलंग करणारं. सोफा घ्यायला नवरा-बायको येतात. बंक बेड घ्यायला आजी-आजोबांसकट अख्खं खटलं येतं आणि त्यातला प्रत्येकजण वर चढून बघतो!

उस्मानपुऱ्यात पुढं दुकान, मागं कारखाना. ऑर्डर घेणं, घरी जाऊन मापं घेणं माझ्याकडं. पलंग करणारे गफ्फारचाचा. साठीचा माणूस, कानावर पेन्सिल, बोलणं अर्धं मराठी अन् अर्धं दखनी. दुकानाची मालकीण मी, पण कुठला पलंग दुकानाबाहेर जाईल आणि कुठला नाही, हे चाचा ठरवतात!

*

आमचा पहिला दोन मजली पलंग गेला आमच्याच गल्लीत, बँकेतल्या एका साहेबांकडं. दोन मुलं, खोली एक. साहेब म्हणाले, "रेल्वेच्या बर्थसारखं काहीतरी करून द्या." तेव्हा बंक बेड हा शब्दसुद्धा आमच्याकडं कुणी वापरत नव्हतं. आम्हाला काय उत्साह! चांगलं सागवान आणलं, पॉलिश मारलं, पलंग नेऊन खोलीत मधोमध उभा केला. मुलं शिडीला हात घालून तयारच.

"रुको!" चाचा म्हणाले. मग वहिनींकडं वळून, "भाभी, जरा झाडू देते क्या?"

वहिनींना वाटलं, भुसा झाडणार. त्यांनी कौतुकानं नवा कोरा झाडू आणून दिला. चाचा शिडीवर उभे राहिले आणि पोरगं गादीवर उभं राहिलं तर त्याचं डोकं जिथं येईल, बरोबर तिथं तो झाडू लांबून धरला.

"ताई, पंखा लगाओ."

मी बटण दाबलं. खट्! खट्! खट्! खोलीभर झाडूच्या काड्या! मुलं भिंतीला चिकटली. साहेब मटकन खुर्चीत बसले.

वहिनी तेवढ्या बोलल्या, "अहो, माझा नवा झाडू!"

चाचा उतरत म्हणाले, "भाभी, झाडू बाजार में नया मिलता है."

पलंग लगेच कोपऱ्यात गेला. तेव्हापासून माझ्या मापाच्या वहीत पहिली ओळ खोलीच्या लांबी-रुंदीची नसते. 'पंखा कुठं?' अशी असते.

*

कन्नड तालुक्यातून एक आबा आले होते. शहरात शिकणाऱ्या दोन नातींसाठी पलंग हवा होता. त्यातली मोठी, आठ वर्षांची गौरी, सोबत होती. शिवाय जीपमधून तीन भाऊबंद. चौघंही अंगानं भरभक्कम.

आबांनी पलंगाभोवती एक फेरी मारली. "बैल घ्यायचा तर आमी दात बघतो, चालवून बघतो. ह्याचं काय बघायचं?"

"हलाके देखो," चाचा म्हणाले.

"हलवून काय कळतंय! चढा रं समदे!"

आणि काय सांगू, चौघंही वर! एका लेकराच्या पलंगावर चार पैलवान! मी डोळे मिटून घेतले. चाचा मात्र हाताची घडी घालून उभे. पलंगानं हूं की चूं केलं नाही.

"लई पक्कं हाय!" आबा वरून गरजले. "ठरलं!"

दोन मिनिटं झाली, पाच झाली. उतरायला कुणी तयार नाही.

"आबा, चहा आलाय," मी म्हटलं.

"व्हय, व्हय. ताई, पर... उतरायचं कसं वो?"

चढताना जोशात चढले होते. आता खाली बघायचे आणि पुन्हा मागं सरकायचे. एकानं शिडीकडं पाठ करून टाच टेकवली, तशी गौरी कमरेवर हात ठेवून पुढं आली.

"असं नाय! तोंड शिडीकडं करा. दोन्ही हातांनी धरा. आता एक पाय. आता दुसरा. आबा, खाली बघू नका!"

चौघं तिच्या हुकमावर एकेक करून उतरले. आबांनी टोपी नीट बसवली, घाम पुसला आणि गौरीला हळूच म्हणाले, "हे गावाकडं कुणाला सांगायचं नाय."

गौरी म्हणाली, "मग वरचा माझा!"

*

सहा वर्षांच्या आतलं लेकरू वर झोपवायचं नाही, हा चाचांचा कायदा. गिऱ्हाईक गेलं तरी बेहत्तर.

बिडकीनहून एक शिक्षिका दोन मुलांना घेऊन आल्या. थोरला नऊचा. धाकटा विहान दुकानात शिरला तोच थेट शिडीकडं. चाचांनी त्याला मधेच उचललं.

"उमर कितनी?"

"सहा!"

"साडेपाच," आई म्हणाली.

विहाननं आईकडं असं बघितलं, जशी काही ती फितूर झाली! मग तिथल्याच स्टुलावर बसकण मारली. "ठीक आहे. मी सहा महिने इथंच थांबतो."

उठायचं नावच घेईना! शेवटी चाचा त्याच्यासमोर उकिडवे बसले. "सुन. मैं दो पलंग बनाता. अभी दोनों नीचे, बाजू-बाजू में. तू छह का हुआ, की मैं आके एक के ऊपर एक चढाता. जबान दी तो दी."

विहाननं विचार केला. "दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाही. तुम्हीच यायचं."

"मैंच आता."

सहा महिने झाले. मी तर विसरूनही गेले होते. एक दिवस सकाळी सात वाजता घरचा फोन खणखणला.

"चाचा कुठं आहेत? मी सहा वर्षांचा झालो!"

मागून त्याच्या आईचा आवाज, "अहो, हा कधीचा दारात बसलाय!" मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! त्याची समजूत घातली आणि घाईघाईनं चाचांच्या घरी फोन लावला. उचलला चाचींनी.

"चाची, चाचांना जरा उठवा. बिडकीनला जायचंय!"

"वो तो कबके गये बिडकीन," चाची म्हणाल्या. "बोले, बच्चा राह देखता होगा."

*

आता इंजिनियरचा. वाळूजला कुठल्याशा कंपनीत मोठ्या पदावर. पलंगाचं ड्रॉइंग कॉम्प्युटरवर स्वतः काढून आणलेलं. वरच्या पलंगाच्या कठड्याला मकबऱ्यासारखी कोरीव जाळी! दिसायला अप्रतिम. त्यांच्या आग्रहाखातर चाचांनी जाळीचा एक तुकडा करूनही ठेवला होता. पण मान काही हलेना.

"साहब, इत्ते बड़े छेद में बच्चे का पाँव जाता. फसता. मैं सीधी पट्टियाँ लगाता, पास-पास."

"चाचा, जे आत जातं ते बाहेर पण येतं. साधं सायन्स आहे! थांबा, दाखवतो."

आणि साहेबांनी बूट काढला, मोजा काढला, पाय जाळीत घातला. गुडघ्यापर्यंत गेला छान. बाहेर येईना! डावीकडं वळवला, उजवीकडं वळवला. आम्ही खोबरेल तेल आणलं, पावडर आणली. काही उपयोग नाही. तेवढ्यात त्यांच्या ऑफिसचा फोन.

"हो, हो, येतोच," साहेब एका पायावर उभे राहून म्हणाले. "एका कामात अडकलोय!"

मी तोंडात पदर कोंबला. चाचांनी शांतपणे करवत उचलली. साहेब घाबरून ओरडले, "चाचा, पाय सांभाळा! ती जाळी कापा, जाळी! काही कामाची नाही ती!"

चाचांनी मान डोलावली. "बस. आपकेच मुँह से सुनना था."

*

एक छोटासा सांगते. सिडकोतल्या एका घरून तक्रार आली, पलंग कुरकुरतो. चाचा गेले, सगळे नट-बोल्ट आवळून आले. आठवड्यानं पुन्हा तेच. पुन्हा आवळले. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा चाचांच्या इज्जतीचा प्रश्न झाला! ते त्या खोलीत पलंगाशेजारी मांडी घालून बसूनच राहिले.

वर दहा वर्षांची मुलगी पुस्तक वाचत पडलेली. धाकट्या भावानं शिडीवर पाय ठेवला, की लगेच आवाज, कुर्रर्र! पाय मागं घेतला, की आवाज बंद. चाचांनी नीट बघितलं. आवाज मुलगी तोंडानं काढत होती!

"तुटेल म्हणून तो वर येत नाही," तिनं खाली उतरून चाचांच्या कानात सांगितलं. "नाहीतर माझी पुस्तकं फाडतो."

आई दारात आली. "काय झालं होतं हो?"

"कुछ नहीं. बच्चे का पलंग है भाभी," चाचा उठत म्हणाले. "नीचे एक किताबों की अलमारी बना देता. ताला लगाके. आवाज बंद हो जाता!"

*

पुढचा हसण्यासारखा नाही. चूक माझी होती, म्हणून तो मी सगळ्यांना सांगतेच.

गारखेड्यातली ऑर्डर होती, सात वर्षांच्या अनूसाठी. कठडा आम्ही नेहमीसारखा चार इंची गादी धरून केला. गादी ते स्वतः घेणार होते. कसली घेणार, हे मी विचारलंच नाही. सकाळी पलंग बसवून आलो. दुपारी जेवताना चाचांचा घास हातातच थांबला.

"ताई, उनके दरवाजे में गादी खड़ी थी. कित्ती मोटी थी?"

मला आठवली. चांगली वीतभर जाड, स्प्रिंगची. ती गादी टाकली, तर कठडा उरतो किती? नावाला!

फोन लावला, कुणी उचलेना. डबे तसेच टाकून आम्ही माझ्या स्कूटरवरून निघालो. चाचांनी हातसुद्धा धुतला नव्हता. सिग्नलला थांबले तेव्हा मागून त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं, या अल्लाह, या अल्लाह.

दार उघडंच. आत तीन-चार मैत्रिणी जमलेल्या. अनू वर, गुडघ्यांवर उभी. दोरीला बांधलेली बाहुली ती खाली सोडत होती. कठडा तिच्या मांडीपर्यंतच. कमरेपासून वरचं सगळं अंग बाहेर!

मी ओरडणार होते. चाचांनी माझं मनगट दाबलं. सावकाश चालत ते तिच्या बरोबर खाली गेले, दोन्ही हात पसरले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बेटा, गुड़िया मेरेकू दे. हाँ. अब पीछे सरक. और पीछे. शाब्बास! अब मेरेकू बता, सीढ़ी से कैसे उतरते?"

अनू ऐटीत उतरून आली. तिचे पाय जमिनीला लागले आणि चाचा जागच्या जागी फरशीवर बसले.

स्वयंपाकघरातून तिची आई आली. "अरे, परत आलात? काही राहिलं का?"

"हौ," चाचा म्हणाले. "एक सवाल पूछना रह गया था."

आम्ही ती गादी खालच्या पलंगावर टाकली, वर पातळ टाकली. आता प्रत्येक कठड्याला आतून लाल रेघ असते, 'गादी इथपर्यंतच'. ती रेघ मी स्वतः मारते. दुसऱ्या कुणाला मारू देत नाही.

*

आणि हा सुमनबाईंचा.

सुमनबाई शाळेतून रिटायर झालेल्या, ज्योतीनगरला राहणाऱ्या. चार वेळा दुकानात आल्या. खालच्या पलंगावर बसून डोकं वर लागतं का ते बघितलं. कडांवरून तळहात फिरवला. शिडी हलवून बघितली. "पायऱ्या गोल नकोत, चपट्या करा. पायाला रुततात." पॉलिशचा वास घेऊन म्हणाल्या, "अजून येतोय. पूर्ण गेल्याशिवाय पाठवायचा नाही." चाचा तर खूश! असं सगळं बरोबर विचारणारं गिऱ्हाईक त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं.

"मुली केवढ्या आहेत?" मी विचारलं.

"दोघी आहेत. मोठी हट्टी आहे. धाकटी भित्री, तिला खालचा."

ठरलेल्या दिवशी दुपारी पलंग घेऊन गेलो. घरात मुलांचा मागमूस नाही. चप्पल नाही, दप्तर नाही, भिंतीवर एक रेघोटी नाही. दाराशी दोरीनं बांधलेल्या दोन ट्रंका आणि खुर्चीत पांढऱ्या केसांच्या एक बाई.

"ही माझी बहीण, मंदा," सुमनबाई म्हणाल्या. "परवाच नागपूरहून आली. आता इथंच राहणार."

चाचांनी पलंग जोडला. मी विचारलं, "मुली शाळेतून कधी येतात?"

"कुठल्या मुली?"

मंदाताई लाजून लाल झाल्या. "अक्का! तू यांना सांगितलं नाहीस?"

"सांगितलं की! मोठी हट्टी, धाकटी भित्री!"

चाचा पान्हा हातात धरून बघतच राहिले. "बाई, ऊपर आप?"

"रोज गोगाबाबा टेकडी चढते मी. ही शिडी ती काय!"

चाचांनी सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळले. शिडी दोन्ही हातांनी धरली. सुमनबाईंनी पदर खोचला आणि तोंड शिडीकडं करून, एकेक पायरी, वर गेल्या. आडव्या झाल्या. खाली मंदाताई आडव्या झाल्या, वरच्या फळ्यांकडं बघत.

चाचांनी हत्यारांची पिशवी उचलली, मला बोटानं खूण केली. आम्ही दारात चपला घालत होतो, तेवढ्यात वरून आवाज आला.

"मंदे, झोपलीस?"

"हो."

"मग बोललीस कशी?"