भुवईवरचं कुंकू

नातेवाइकांत माझी ख्याती अशी आहे, की मी माझ्या थोरल्या जावेचा जीव वाचवला. दर संक्रांतीला कुणीतरी ती गोष्ट काढतं. मग मी मान खाली घालून तिळगुळाच्या डब्याचं झाकण घट्ट करत बसते आणि लोकांना वाटतं, काय विनयी बाई आहे. मी विनयी वगैरे नाही. मी गप्प असते, आणि त्याला कारण आहे. ते आज सांगून टाकते.

जबलपूरला विजय नगरात आमचं दुमजली घर. खाली जाऊ आणि दीर, वर मी आणि माझा नवरा. जावेला मी ताई म्हणते. ताईला माझ्यापेक्षा सगळंच जास्त येतं आणि तसं तिला वाटतंही. साडीचा काठ असो, भाजीवाल्याचा तराजू असो की माझी पुरणपोळी, ती एक डोळा बारीक करून मान तिरपी करते आणि मग निकाल देते. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या बारीक डोळ्याखाली मी नापास होत आलेय.

त्या वर्षी आमचं बिनसलं ते वाणावरून. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना जी छोटीशी वस्तू देतात, ते वाण. ताईला द्यायची होती चहाची गाळणी.

"ताई, गाळणी?" मी म्हटलं. "बायका वर्षभर हसतील."

"हसू दे. हसता हसता चहा तर गाळतील. तुझ्या मागच्या वर्षीच्या काचेच्या वाट्या सगळ्यांच्या फुटून बसल्या."

"फुटल्या म्हणजे वापरल्या तरी."

एवढ्यावर दोन शहाण्या बायकांनी बोलणं बंद केलं. घर एक, म्हणून हळदीकुंकू एक, म्हणून निरोप तर पोचवायलाच हवेत. ते माझा नवरा जिना चढ-उतर करत पोचवायचा. "वहिनी म्हणून राहिल्या, दूध नासलं तर पनीर करून टाक," असं वर येऊन सांगायचा आणि उत्तरासाठी उभा राहायचा. संक्रांतीपर्यंत त्याचं वजन उतरलं, तेवढाच या अबोल्याचा फायदा.

अशात एका सकाळी मी वरच्या खिडकीतून पाहिलं, ताई अंगणात कपडे वाळत घालत होती. तिनं वर बघितलं. डावा डोळा अर्धा मिटलेला, मान तिरपी. मला वाटलं, झालं सुरू. दुसऱ्या दिवशीही तेच. जिन्यात समोरासमोर आलो तेव्हाही तीच अर्धी पापणी, वर कपाळाला आठी. आता एवढं ढळढळीत तुच्छ लेखल्यावर मी तरी का सोडू? मी वर आले, खिडकीपाशी उभी राहिले आणि नवऱ्याला नक्कल करून दाखवली. डावी पापणी खाली, मान तिरपी, हात कमरेवर. नक्कल मला चांगली येते. तो चहा सांडेपर्यंत हसला. मग थांबून म्हणाला, "काहून गं, वहिनींचा डोळा खरंच तर दुखत नसेल? दादा म्हणत होता, डोळ्याच्या मागं ठणकतं म्हणते."

"नाटकं आहेत," मी म्हटलं.

हे दोन शब्द माझे आहेत. लोकांच्या गोष्टीत ते कधीच येत नाहीत.

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. पुरुषांना आम्ही वरच्या मजल्यावर हाकललं. रिवाज असा, की आधी घरच्या सवाष्णीला कुंकू लावायचं, मग पाहुण्यांना. ताई करंडा घेऊन माझ्यासमोर आली, बोट कुंकवात बुडवलं आणि थेट माझ्या उजव्या भुवईवर टेकवलं. कपाळ सोडून भुवईवर. ती पापणी तशीच अर्धी, चेहरा दगडासारखा. लावलेलं कुंकू पुसायचं नसतं, म्हणून मी भुवईला कुंकू घेऊन, येणाऱ्या प्रत्येकीला तिळगूळ देत, गोड बोला गोड बोला करत हिंडत होते.

समोरच्या घरातल्या भाभींना मी गाळणी दिली, कारण शेवटी वाण ताईचंच आलं होतं. त्या माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "दीदी, आप लोगों में इस बार साइड में लगाने का रिवाज है क्या?"

मी वळून पाहिलं. बैठकीत भिंतीला लागून बायका बसल्या होत्या आणि सगळ्यांची कुंकवं एकाच बाजूला सरकलेली. कुणाचं भुवईवर, कुणाचं कानशिलाकडे निघालेलं. सदरच्या लष्करी छावणीतून आलेल्या एका फौजी बाईचं तर चष्म्याच्या काडीवर. सगळ्या ओशाळून हसत होत्या आणि कुणीच काही बोलत नव्हतं.

एका जावेशी कुणी भांडू शकतं. एवढ्या सगळ्यांशी कुणी भांडत नाही.

मी स्वयंपाकघरात गेले. ताई ओट्याला धरून उभी होती, तळहातानं डावा डोळा झाकून. अबोल्यानंतरचे माझे पहिले शब्द होते, "ताई, ही बोटं किती?"

तिनं हात काढून पाहिलं. "चार," ती म्हणाली.

मी दोन धरली होती.

तेव्हा मी पहिल्यांदा तो डोळा जवळून पाहिला. पापणी पडलेली, डोळा किंचित बाहेर वळलेला आणि त्यातली काळी बाहुली दुसरीपेक्षा मोठी, मांजराची अंधारात होते तशी. "दोन दोन कपाळं दिसतात गं," ती म्हणाली. "जे खरं वाटलं त्याला लावलं." मग पुढे, "आणि ठणका असा आहे, की आतून कुणी बोट रुतवून राहिलंय."

बायकांना तशाच सोडून आम्ही निघालो. गाळण्यांचं वाटप भाभींनी केलं. नवरा गाडी चालवत होता, दीर पुढे बसले होते, मी मागे ताईचा हळदीनं पिवळा झालेला हात धरून.

इस्पितळातल्या डॉक्टरनं बॅटरीचा उजेड आधी एका डोळ्यात टाकला, मग दुसऱ्यात. हसतमुख पोरगा होता, त्याचं हसू तिथंच थांबलं. मोठी बाहुली उजेडातही आकसली नाही. लगेच डोक्याचा स्कॅन झाला, मग रक्तवाहिन्यांत औषध सोडून त्यांची चित्रं घेतली. थोड्या वेळानं मेंदूचे मोठे डॉक्टर आले आणि त्यांनी आम्हाला पडद्यावर दाखवलं. मेंदूतल्या एका रोहिणीला फुगवटा आला होता, द्राक्षाएवढाही नाही. एन्युरिझम म्हणतात त्याला. साइकिल की पुरानी ट्यूब देखी है, त्यांनी विचारलं, एक जगह कमज़ोर होकर फूल जाती है, वैसा. तो डोळ्याच्या नसेवर दाबत होता, म्हणून पापणी पडली, म्हणून एकाचे दोन दिसायला लागले.

"बहुतों को पता ही नहीं चलता," ते म्हणाले. फुगवटा गपचूप बसून राहतो, आणि फुटला तरच कळतं. अचानक असं डोकं दुखतं, की आयुष्यात कधी दुखलं नव्हतं, मान आखडते, उलट्या होतात, माणूस बेशुद्धही पडतो. तेव्हा मिनिटामिनिटाची किंमत असते आणि तरी सगळे वाचत नाहीत. "इनका तो पहले ही दरवाज़ा खटखटा रहा था. अच्छा हुआ, किसी ने सुन लिया."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भुवईवरचं कुंकू चाचपलं.

मग डॉक्टरांनी चौकशी केली. घरात कुणाला असं झालं होतं का? तंबाखू, बिडी? ताई भलतीच दुखावली. बीपी? हो, आहे. गोळी रोज घेता? दीर म्हणाले, "ही चिडली त्या दिवशी घेते." डॉक्टरांनी विचारलं, मग गेले काही दिवस? ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, "गेले काही दिवस रोजच घ्यायला पाहिजे होती."

एव्हाना आमच्यातला एकेक नातेवाईक फोनवर जागा झाला होता. जबलपूरच्या मराठी माणसाला साधं दुखणं इथं चालतं, मोठं झालं की त्याला नागपूर आठवतं. नागपूरला न्या, नागपूरला न्या, सुरू झालं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, हे आता कधीही फुटू शकतं, इतक्या लांब गाडीत घालून नेऊ नका, काम इथंच होईल. कवटी उघडून फुगवट्याच्या मानेला चिमटा लावणं हा एक मार्ग. दुसरा, मांडीतल्या रोहिणीतून बारीक नळी वरपर्यंत नेऊन फुगवट्यात प्लॅटिनमची मऊ तार गुंडाळून भरणं, म्हणजे रक्त आत शिरतच नाही. धोका दोन्हींत आहे, तो त्यांनी लपवला नाही. अर्धांगवायू होऊ शकतो, वाचा जाऊ शकते. फुगवट्याची जागा आणि आकार बघून ते तारेच्या बाजूचे होते.

सहीच्या आधी ताईनं एकच विचारलं. "प्लॅटिनमच काहून? सोनं नाही चालत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. मी बाहेर बाकावर बसून तेच दोन शब्द चघळत होते. नाटकं आहेत. तार सरकली, ताई बोलेनाशी झाली, तर मला पुढे आयुष्यभर ज्या अबोल्यात राहावं लागेल तो माझा असेल. एवढा एकच विचार, दुसरा नाही.

ताई शुद्धीवर आली आणि तिचं पहिलं वाक्य होतं, "गाळण्या पुरल्या का?"

पापणी उचलायला महिने लागले. दुहेरी दिसणं हळूहळू गेलं. तपासणीला ती नियमानं जाते आणि बीपीची गोळी आता चिडली नाही तरी घेते. डोक्यातल्या प्लॅटिनमचा तिला गर्व आहे. माझ्या पाटल्यांकडे बघून म्हणते, "सोनं काय, सगळेच घालतात." आणि लोक मला म्हणत राहिले, धाकटीनं ओळखलं म्हणून वाचली. दर वर्षी म्हणत राहिले. मी झाकण घट्ट करत राहिले.

या संक्रांतीला दुपारी आम्ही दोघी खाली वाण बांधत बसलो होतो. काय असणार, गाळण्याच. माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, मी ओळखलं नव्हतं. मी तुझा डोळा आधीच पाहिला होता आणि गप्प बसले. तू मला नाटकी वाटलीस. मी तुझी नक्कलही केली, ह्यांना हसवायला."

ताईनं गाठ मारली, दातानं दोरा तोडला.

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"वरच्या खिडकीत उभं राहून करून राहिली होती ना? मी अंगणातच होते. मला तर तू दोन दिसल्या. दोघी पापणी पाडून, दोघींचे हात कमरेवर." तिनं पुढची गाळणी बांधायला घेतली. "उजवीकडची जास्त चांगली करत होती."

"मग बोलली का नाहीस? तुला एकाचे दोन दिसत होते, कुणाला सांगायचं तरी."

"तुझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो वर येऊन तुला सांगणार. म्हणजे आधी मी बोलले असं झालं असतं."

मी एकटी मूर्ख नव्हते, हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी बायका यायच्या आधी ती करंडा घेऊन माझ्यासमोर आली. तिची डावी पापणी अजून उजवीपेक्षा केसभर खाली असते. तिनं मान तिरपी केली, तो डोळा बारीक केला, माझं कपाळ नीट जोखलं आणि कुंकू माझ्या उजव्या भुवईवर लावलं.

या वेळी तिला एकच कपाळ दिसत होतं.