काकाचा पीसी तयार का आणावा लागला

शनिवारी सकाळी तुम्ही दोघं ऑनलाइन ज्याच्याशी खेळता, त्या काकाचा पीसी सांगलीच्या दुकानातून तयार जोडलेला आणला आहे, हे तुम्हाला माहीत आहे. त्याआधी त्याने स्वतः एक जोडला होता आणि तो सुरू झाला नाही, हेही त्याने तुम्हाला सांगितलेलं आहे. का सुरू झाला नाही, त्याची तुम्हाला माहीत असलेली हकिगत मात्र चुकीची आहे. ती दुरुस्त करायला मी, तुमची आजी, हे लिहिते आहे. माझं शिक्षण इंग्रजीत झालं आणि तुम्हालाही इंग्रजी वाचणं सोपं जातं. पण इंग्रजीत मी तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयाचे अहवाल लिहिले, आणि अहवालात वाईट गोष्ट लपेल अशी जागा करून घ्यायची सवय मला लागली. म्हणून मराठीत लिहिते. अडेल तिथे बाबांना विचारा.

काकाचा हात कसा गेला ते तुम्ही लहान असताना मोघमच सांगितलं होतं. गोळीबार नव्हता, शत्रू नव्हता. डोंगरातल्या एका तळावर फौजेच्या ट्रकचा मागचा फाळका निसटून त्याच्या उजव्या हातावर पडला. चार बोटं काढावी लागली. अंगठा आणि तळवा राहिला. तो छत्तीस वर्षांचा असताना साताऱ्याला कायमचा परत आला. आपल्या भागात घराघरातून माणसं फौजेत आहेत, त्यामुळे जो तो विचारायचा, कुठल्या चकमकीत? हा म्हणायचा, ट्रकचा फाळका. मग विचारणाऱ्याचा चेहरा जरा पडायचा आणि तो तब्येतीकडे वळायचा. काही महिन्यांनी काका घरातून खाली उतरेनासा झाला. फौजेत तो बिनतारी संच दुरुस्त करायचा. बारीक काम करणारा हात होता तो.

त्याच सुमारास तुमच्यापैकी मोठ्याने त्याला तुमच्या खेळात ओढलं. जुन्या लॅपटॉपवर तो खेळ अडखळायचा, म्हणून गेमिंग पीसी घ्यायचं ठरलं. तो दोन प्रकारे घेता येतो. दुकानदाराने जोडून, तपासून दिलेला तयार घ्यायचा, किंवा सुटे भाग मागवून स्वतः जोडायचा. तू भागांची यादी पाठवलीस आणि लिहिलंस की जोडण्यातच खरी मजा आहे. तुझं काही चुकलं नाही.

मला मात्र ते पटलं नाही. मी फुलस्केप कागदावर मधोमध रेघ मारून दोन रकाने केले. तयार पीसीच्या बाजूला एकच वॉरंटी, एकच दुकान, बिघडला तर नेऊन टाकता येतो, असे नऊ मुद्दे झाले. सुट्या भागांच्या बाजूला दोन, तेही मी न्यायाने वागतेय असं दिसावं म्हणून. कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला. दुपारी परत मिळाला तेव्हा खाली एक ओळ होती. त्याचं डाव्या हाताचं अक्षर मी पहिल्यांदाच पाहिलं, पहिलीतल्या मुलासारखं, चढत गेलेलं. ‘मला चालू केलेला नको आई, चालू करायचाय.’

या इच्छेमागे आणखी एक गोष्ट होती. त्याच्या तुकडीतला एक मित्र, मूळचा वडूजकडचा, निवृत्त होऊन कुपवाडला लोखंडी कामाच्या शेडमध्ये लागला होता. त्याने मलकापुरात हमरस्त्याजवळ एक गाळा बघून ठेवला होता. संगणक आणि कॅमेरे दुरुस्तीचं दुकान काढायचं, बाहेरची धावपळ त्याने करायची आणि आतलं काम काकाने, असा बेत. काका हो म्हणत नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. शेवटी माझ्यासमोरच त्याने मित्राला सांगितलं, हा एक पीसी एकट्याने उभा केला तर येतो. नाही जमलं तर परत विषय काढायचा नाही.

मित्र पुढच्या रविवारी दुचाकीला बांधून एक लोखंडी चौकट घेऊन आला. शेडमध्ये उरलेल्या पट्ट्यांची, रबर लावलेले चार चिमटे असलेली. मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्याच्यावर बसतात तो मुख्य पत्रा, तीत पक्का धरला जायचा आणि काकाचा डावा हात मोकळा राहायचा. जाताना मित्र स्वयंपाकघराच्या दारात थांबून मला म्हणाला, “आवं काकू, एक सांगू का? तुमी त्याच्या मदतीला जाऊ नगा. सांडू द्या, पडू द्या.”

मी म्हटलं, मी कशाला जाईन?

“तुमी चहात साखर बी ढवळून देताय त्याला,” तो हसत म्हणाला.

भाग एकेक करून कुरियरने येत गेले. जेवणाचं टेबल मी सोडून दिलं आणि आम्ही ओट्याशी बसून जेवू लागलो. काका क्रम मोठ्याने म्हणत सराव करायचा. दांडी उचल, झाकण उघड, खुणेचा कोपरा बघ, सरळ खाली ठेव, दाबू नको. ही प्रोसेसर बसवायची रीत. प्रोसेसर म्हणजे बिस्किटाएवढा चौकोन, आणि तो ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. सॉकेटमध्ये केसासारख्या शेकडो पिना उभ्या असतात. त्या तेव्हा मला माहीत नव्हत्या. मला तो एक काळपट, किंचित चमकणारा चौकोन दिसायचा.

ज्या दिवशी प्रोसेसर बसवायचा होता, त्या सकाळी दहाच्या सुमारास काकाने सॉकेटवरचं प्लॅस्टिकचं संरक्षक झाकण काढलं, आणि तेवढ्यात खालून कुरियरवाल्याने हाक दिली. मोठं खोकं आलं होतं. काका मला हाक न मारता स्वतः खाली गेला, याचा मला आनंद झाला. आमच्या खिडकीसमोर तेव्हा रस्ता खणलेला होता. टेबलावर, चौकटीवर, त्या पत्र्यावर धुळीचा पातळ थर दिसत होता. मी रोज दहा वाजता धूळ पुसते. ग्रंथालयात पुसायची, घरी पुसते. माझ्या हातात जुन्या जांभळ्या सुती साडीचं मऊ फडकं होतं. मी टेबल पुसलं, चौकट पुसली आणि हलक्या हाताने तो पत्राही पुसला. चौकोनावर फडकं किंचित अडकलं. मी ते ओढून घेतलं. वाकून पाहिलं, सगळं पहिल्यासारखंच दिसलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि भाजी चिरायला घेतली.

काका खोकं घेऊन वर आला. हात धुऊन, पुसून बसला. क्रम म्हटला, प्रोसेसर ठेवला, दांडी खाली दाबली. मग आतून हाक आली, “आई, बसला!” कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज असा मोकळा ऐकला होता मी.

बाकीचं जोडायला त्याला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर त्याने बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. पडदा काळाच राहिला. तो दोन दिवस एकेक भाग काढून परत लावत होता. रविवारी मित्र कुणाची तरी गाडी घेऊन आला आणि म्हणाला, सांगलीला ओळखीचा दुकानदार आहे, दाखवून घेऊ. मीही गाडीत बसले. काकाला ते आवडलं नाही.

दुकानदार चांगला माणूस होता. त्याने प्रोसेसर काढला, दिवा जवळ ओढला, डोळ्याला भिंग लावलं. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाला, सॉकेटच्या सहा-सात पिना वाकल्यात. मग बारीक चिमट्याने त्याने आतून काहीतरी उचललं आणि काउंटरच्या काचेवर ठेवलं. नखाएवढा दोरा. जांभळा. त्याने तो बोटाने बाजूला सारला आणि काकाच्या हाताकडे पाहिलं.

“प्रोसेसर जरा तिरका टेकला की असं होतं साहेब,” तो हळू आवाजात म्हणाला. “दोन हातवाल्यांकडूनही होतं.”

काकाने मान हलवली. “माझ्याच हातून झालं.”

तो दोरा काचेवर होता. मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होते. मी ओळखला. तेव्हा मी बोलले नाही, कारण दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती. हे कारण मी स्वतःला तिथल्या तिथे दिलं, आणि मला ते चाललं.

काकाने शेजारच्या फळीवर जोडून ठेवलेल्या पीसीकडे बोट केलं आणि विचारलं, हा चालू आहे ना? दुकानदाराने लावून दाखवला. काका म्हणाला, हाच द्या. तोच तुमच्या ओळखीचा, काचेच्या कडेचा, आत रंगीत दिवे असलेला. जुना मदरबोर्ड तो काउंटरवरच सोडून निघाला होता. मित्राने तो उचलून घेतला. मागच्या सीटवर एका बाजूला मी आणि शेजारी नवीन पीसीचं खोकं, असे आम्ही परत निघालो.

कऱ्हाड जवळ आलं तसं मित्राने गाडी मलकापुरात वळवली आणि एका बंद शटरसमोर उभी केली.

“उतर की गड्या. गाळा तर बघ.”

काका समोर बघत बसला.

“पिना वाकल्या तर वाकल्या. माझ्याकडनं शेडमधी रोज काय ना काय मोडतंय. मालक श्या घालतोय, मी चहा पितोय.”

“तू दुसरा माणूस बघ.”

“दुसरा कशाला रं? तुला येतंय सगळं. एवढ्याश्या कारणानं...”

“लोकांचे पीसी असणार ते,” काका म्हणाला. “माझ्या हातात द्यायचे? तूच सांग, तू देशील?”

‘देईन’ म्हणायला मित्राला एक क्षण उशीर झाला, आणि तेवढा काकाला पुरला.

मी मागे बसले होते. एका वाक्याचं काम होतं. रस्त्यावर गर्दी नव्हती, परकं कोणी नव्हतं. दुकानात चाललेलं कारण इथे चालणार नव्हतं, हे मला कळत होतं. मी खोक्यावर हात ठेवून बसून राहिले. का, ते मी त्यानंतर अनेकदा स्वतःला विचारलं आहे. लाज होतीच. पण नुसती लाज असती तर ती घरी पोचल्यावर, निदान आठवड्याने, मी ओलांडली असती. खरं असं आहे की तयारच घ्यावा हे माझं म्हणणं बरोबर ठरलं होतं, आणि ते मला आतून कुठेतरी बरं वाटत होतं. शिवाय तो मलकापूरला गेला असता तर घरात मी एकटी राहिले असते. हे मी तेव्हा शब्दांत मांडलं नव्हतं. आता मांडते आहे.

गाळ्यात मित्राने पुढे आपल्या मेव्हण्याला घेतलं. दुकान चालतं. मित्र आधी महिन्यातून एकदा यायचा, मग सणाला, आता फोन करतो. काका घरीच असतो. दिवा गेला तर इलेक्ट्रिशियन बोलावतो, सही करायची असली की कागद ‘नंतर बघतो’ म्हणून बाजूला सारतो आणि चार दिवस लावतो. शनिवारी तुमच्याबरोबर हसतो तेवढंच. मी बाहेरून ते हसणं ऐकायची आणि त्याच्यावर भागवायची. अडीच वर्षं भागवलं.

गेल्या महिन्यात तुमच्यापैकी मोठ्याने त्याला सांगितलं की तू आता स्वतःचा पीसी जोडणार आहेस, आणि काकाने व्हिडिओवर शेजारी बसावं. दार उघडं होतं. मी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते. तो म्हणाला, “माझ्या नादाला लागू नको. मी हात लावला की पिना वाकतात.” तुम्ही दोघं हसलात, कारण तो हसत म्हणाला. मग धाकटी म्हणाली, काका, तुझी चूक नव्हती, एका हाताने ते कुणालाच जमलं नसतं. तुझ्या मनात काही वाईट नव्हतं बाळ. पण मी त्याचा चेहरा बाजूने पाहत होते.

त्याच दुपारी मी त्याला सांगितलं. फडकं, दोरा, सगळं. त्याने आरडाओरड केली नाही. चौकशीत विचारतात तसे प्रश्न विचारले. झाकण काढलेलं होतं? कोरडं फडकं की ओलं? अडकलं तेव्हा वर ओढलंस की बाजूला? मी आठवेल तसं नीट सांगत गेले. मग त्याने विचारलं, “मलकापूरला गाडी थांबली, तेव्हा तुला माहीत होतं?”

“हो.”

तो उठला, त्याने आपलं ताट उचललं, घासलं आणि पालथं घातलं. तेव्हापासून रोज घासतो. माझ्याशी बोलतो ते दूध आलं, गॅस संपत आलाय, एवढंच. मी म्हटलं, मित्राला फोन करून मी सांगते. तो म्हणाला, कशाला, तिथे आता माणूस आहे. मग चार दिवसांनी, दारातूनच, म्हणाला, “पोरांना सांग. मी सांगितलं तर तुझी बाजू घेऊन सांगेन. तूच सांग.”

म्हणून हे. त्याला वाचायला न देता पाठवते आहे.

येत्या शनिवारी त्याची समजूत काढू नका आणि माझ्याबद्दल काही विचारू नका. तुझे भाग आले असतील तर ते टेबलावर मांड, कॅमेरा त्यांच्यावर धर आणि प्रोसेसर कसा बसवायचा ते त्याला विचार. त्याला क्रम पाठ आहे. तो बहुतेक नाही म्हणेल. दुसऱ्या शनिवारी परत विचार. तरीही नाही म्हणाला, तर ते माझ्यामुळे आहे, हे आता तुम्हाला माहीत आहे.