इल्दारच्या कादंबरीचा शेवट

किस्से माडाच्या झावळांसारखे. पडतात तिथंच पडून राहतात आणि एक दिवस आवारात पाय ठेवायला जागा उरत नाही. भाटे गावातल्या आमच्या अड्ड्यावर निम्मा ढीग एकट्या इल्दारचा!

इल्दार हा बश्कीर जमातीचा लेखक. रशियातल्या उरल डोंगरातला, तिकडे घोडे, मध आणि बर्फ. आमचे कासीमचाचा बोटीवर असताना रशियाच्या एका बंदरात दोघांची दोस्ती झाली. दोन हजार सालच्या सुमारास तो चाचांकडे येऊन राहिला. कादंबरीचा शेवट काही केल्या जमेना, समुद्राकाठी तरी जमेल म्हणून!

पहिली अख्खी सकाळ तो समुद्राकडे बघत बसला.

"काय लिहिलंन?" आम्ही विचारलं.

चाचांनी कागद बघितला. "लिहिलाय, 'मोठा आहे.'"

•

त्याला घोडीचं दूध हवं होतं. आंबवून पितात म्हणे. आमच्या नाना बागवाल्यानं हातखंब्याहून वरातीचं जनावर आणलं. इल्दारनं वाकून पाहिलं आणि चाचांमार्फत नम्रपणे कळवलं, "हा घोडा आहे."

"असू दे रे! लग्नाचा सीझन संपला की देईल!"

•

बश्किरांना म्हणे सात पिढ्यांची नावं पाठ असावी लागतात. इल्दारनं नानाला विचारली. नाना पणजोबांपर्यंत गेला आणि थांबला.

"पुढचं मॅटर कोर्टात आहे!"

•

संध्याकाळी इल्दार कादंबरी वाचायचा, चाचा मराठीत सांगायचे. पण चाचांचं रशियन गोदीतलं. घोडे धक्क्याला लागायचे, नवरी नांगर टाकायची! एकदा इल्दारनं चांगली तीन पानं वाचली. चाचा म्हणाले, "वारा पडला."

"आणि बाकीचं?"

"बाकी हवामान."

•

इल्दारनं शेवटच्या प्रकरणाचा कच्चा खर्डा वाचला त्या संध्याकाळी चाचीही ओट्यावर येऊन बसली. तिचा मुलगा कुवेतला. चार वर्षं रजा नव्हती. कादंबरीतला मुलगाही परमुलखातून आईकडे निघालेला, वाटेत बर्फ. वाचता वाचता इल्दारच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मुलगा मेला, हे आम्हांला रशियन न येता कळलं.

चाचांनी चाचीकडे बघितलं. म्हणाले, "पोचला घरी. आईनं पाय धुवायला पाणी दिलान."

चाची उठली आणि सगळ्यांना शिरा घेऊन आली. इल्दार बशीकडे बघतच राहिला. पोरगा मेला आणि ही बाई गोडधोड वाटतेय? त्यानं चाचांना विचारलं. चाचांनी खाली मान घालून रशियनमध्ये खरं ते सांगितलं.

इल्दारनं शिऱ्याचा घास घेतला. मग काहीतरी पुटपुटला.

"विचारतोय," चाचा बायकोला म्हणाले, "पाणी गरम होतं की गार?"

"गरम! बर्फातनं आलाय पोर, गार देतात काय?"

इल्दारनं पेन उघडलं.