मास्तरांची सात महिन्यांची डिझाइनं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आमच्या कारखान्यातल्या डिझाइन मास्तरांचं सात महिन्यांचं काम एका दिवसात गेलं, ते मास्तरांच्या विसरण्यामुळे गेलं असं सगळे समजतात. मास्तर स्वतःही तसंच समजतात. ते काम मी घालवलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांच्यावर ढकललं.

सोलापुरात, अक्कलकोट रोडला, टॉवेल आणि चादरीच्या एका कारखान्यात मी कंप्युटरचं काम बघतो. मोहोळहून पहिल्यांदा आलो तेव्हा वायरी ओढणं आणि प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणं एवढंच काम होतं. पुढे मालक कुठल्याशा प्रदर्शनाला जाऊन आले आणि म्हणाले, "आपली ही पाच जुनी डबडी काढून टाका. सगळं एका सर्व्हरवर घ्या. जमतंय का?" मी जमतंय म्हणालो. जमत नव्हतं. तीन आठवडे व्हिडिओ बघून शिकलो. पायाभूत गोष्टी कळल्या तेवढ्यावरच काम उरकलं.

त्या पायाभूत गोष्टी अशा. एक दणकट सर्व्हर घ्यायचा. त्याची मेमरी, डिस्क, प्रोसेसर वाटून देणारा एक प्रोग्रॅम त्यावर बसवायचा. मग प्रत्येक जुना कंप्युटर, त्यातल्या विंडोजसकट, फायलींसकट, एका मोठ्या फायलीत उतरवायचा आणि सर्व्हरच्या आत चालू करायचा. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. आतल्या कंप्युटरला आपण आत आहोत याचा पत्ता नसतो. त्याला वाटतं आपण सुटे आहोत, डिस्क आपली आहे.

मास्तरांचा कंप्युटर सगळ्यात जुना होता. जकार्ड डिझाइनचा, म्हणजे विणीतच नक्षी उतरवण्याचा, त्यांचा प्रोग्रॅम जुन्या विंडोजशिवाय चालत नव्हता, आणि तो विकणारी कंपनी कधीच बंद पडली होती. मास्तर साठीचे. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातले, वडील हातमागावर बसलेले. आधी ते आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून डिझाइन काढायचे आणि मग ते कंप्युटरवर घ्यायचे. मीच मालकांना म्हणालो, कागद कशाला, आता सगळं सर्व्हरवर राहील. मालकांनी कागदाचे गठ्ठे आणणं बंद केलं.

मास्तरांच्या टेबलावर फक्त पडदा, कीबोर्ड आणि वहीएवढी एक डबी राहिली. पहिल्या दिवशी ते टेबलाखाली वाकून बघत होते.

"काय ओ सर, माझा कंप्युटर कुटं नेलात?"

"त्या काचेच्या खोलीत, मास्तर. मोठ्या सर्व्हरच्या आत आहे."

"कंप्युटरच्या आत कंप्युटर?"

"पाच आहेत आत."

त्यांनी जरा विचार केला. "म्हंजे आमच्या जुन्या शेडात होतं तसं की. वर एक शाफ्ट, एक मोटर, खाली पट्ट्यावर आठ माग."

"अगदी तसंच."

"मग मोटर बसली की आठी माग बसणार."

"मोटर नवी आहे, मास्तर."

"मोटरला काय नवीजुनी कळतंय का ओ," असं म्हणून ते हसले, आणि मोराच्या काठाचं एक डिझाइन उघडून कामाला लागले.

दुपारी ते डबा खायला गेले तेव्हा मी त्यांच्या मशीनचा स्नॅपशॉट घेतला. स्नॅपशॉट म्हणजे खूण. मशीन या क्षणी जसं आहे तसं गोठवून ठेवायचं, पडद्यावर उघडं असेल त्यासकट. त्यानंतरचं सगळं काम वेगळ्या फायलीत साठत जातं. काही बिघडलं तर खुणेपर्यंत मागं येता येतं. दोनतीन दिवस बघायचं, सगळं नीट असलं तर खूण काढून टाकायची. मग साठलेलं काम मूळ फायलीत मुरतं. मी ती खूण काढायला विसरलो. सात महिने विसरलो. उलट मालकांनी विचारलं, "बॅकअप आहे ना?" तेव्हा मी त्या खुणेकडे बघूनच "आहे" म्हणालो. खूण म्हणजे बॅकअप नव्हे, हे मला माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. वाचलं होतं. नंतर बघू म्हणालो होतो.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा, म्हणजे तेलुगू विणकरांच्या दैवताचा, रथ निघतो. त्या दिवशी पूर्व भागातला एकही माणूस कामावर नसतो. माग बंद, शेड गप्प. मास्तर दरवर्षी रथाला जात. त्या वर्षी रथाच्याच सकाळी मला मालकांचा फोन आला. दुसऱ्या दिवशी बाहेरचे खरेदीदार येणार होते, त्यांना नव्या हंगामाची डिझाइनं दाखवायची होती, आणि मास्तरांचं मशीन सुरू होत नव्हतं.

मी काचेच्या खोलीत जाऊन बसलो. सर्व्हरची डिस्क शिगोशीग भरली होती. सात महिने साठत गेलेल्या त्या वेगळ्या फायलीनं सगळी जागा खाल्ली होती. दोन वाटा होत्या. आधी कुठून तरी जागा करायची, मग खूण काढून सगळं काम मूळ फायलीत मुरवायचं. त्याला काही तास लागले असते, आणि मधेच फसलं तर काय, ही भीती. दुसरी वाट दोन मिनिटांची होती. खुणेवर मागं जायचं. मी मनाची समजूत घातली, मागं जाईल ते विंडोज, मास्तरांच्या फायली कुठं जातात. कुणाला तरी फोन करून विचारता आलं असतं. विचारलं असतं तर मला येत नाही हे कळलं असतं.

मी मागं गेलो.

मशीन चालू झालं. पडद्यावर मोराचा काठ आला. अर्धा पिसारा भरलेला, अर्धे चौकोन रिकामे. मास्तर डबा खायला उठले होते तिथंच. सात महिन्यांपूर्वीची ती दुपार जशीच्या तशी. फोल्डर उघडून बघितलं. त्या दुपारनंतरचं एकही डिझाइन नव्हतं. मी मोराची फाइल बंद केली, खोलीला कुलूप लावलं आणि घरी आलो. हातात अर्धा दिवस होता. मालकांना फोन करता आला असता. रथाच्या गर्दीत जाऊन मास्तरांना शोधता आलं असतं. मी जेवलो आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो.

सकाळी मास्तर आले. गुलाल अजून कानामागे होता. फोल्डर उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"हितं होते की ओ."

मालक मागं उभे होते. ते मास्तरांकडे नाही, माझ्याकडे बघत होते. "बॅकअपवरून काढा."

बॅकअप नव्हता, कधीच नव्हता. ते कबूल करायचं, की दुसरं काही बोलायचं, एवढाच प्रश्न होता. तोंडातून जे निघालं ते आधी ठरवलेलं नव्हतं, पण इतकं सरळ निघालं की मलाच नवल वाटलं.

"काल मशीन बसलं त्यात आतलं गेलं. बॅकअप फक्त सगळ्यांच्या शेअर फोल्डरचा असतो. मास्तरांनी फायली तिथं टाकल्या नसतील. मी सांगितलं होतं."

मी सांगितलं नव्हतं. उलट पहिल्याच दिवशी मी म्हणालो होतो, तुम्ही कुठंही सेव्ह करा, सगळं सर्व्हरवरच आहे.

"मला सांगितलं होतं?" मास्तरांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होते.

"दोनदा, मास्तर."

त्यांनी फोल्डर बंद केलं. मग म्हणाले, "असंल. सांगितलं असंल. माझ्याच ध्यानात न्हाय."

मालक चिडले, खरेदीदारांसमोर जुनीच डिझाइनं ठेवावी लागली. जी मागावर चढली होती ती मागाच्या कंट्रोलरमधून परत मिळाली. बाकीची गेली. मालक मास्तरांवर आवाज चढवू लागले तेव्हा मीच मधे पडलो. "जाऊ द्या, वयानं होतं असं." हे वाक्य मला अजून ऐकू येतं. वाचवल्यासारखं करून मी तो विसराळूपणाचा शिक्का पक्का केला.

त्यानंतर मास्तर बदलले. एक काठ काढला की चारदा सेव्ह करायचे आणि मला बोलवायचे. "सर, बघा की, झालं का?" टेबलाच्या कडेला चिठ्ठ्या चिकटायला लागल्या. डिझाइन काढताना हात मधेच थांबायला लागला. दिवाळीनंतर त्यांनी स्वतःहूनच काम सोडलं. त्यांचा चष्मा आणि आखायच्या पट्ट्या न्यायला मुलगी आली.

"डॉक्टरला दाखवलं," ती म्हणाली. "सगळे रिपोर्ट चांगले हायत. पण पप्पा ऐकत न्हाईत. म्हणतात, सरांनी दोनदा सांगितलेलं माझ्या डोक्यात राहिलं न्हाय, रिपोर्टला काय कळतंय."

मी पट्ट्या कागदात गुंडाळून दिल्या.

तेव्हापासून मी त्या काचेच्या खोलीत आहे. पुण्याहून एक नोकरी आली होती, घेतली नाही. घेतली असती तर सर्व्हर दुसऱ्याच्या हातात द्यावा लागला असता, आणि सर्व्हरच्या नोंदीत एक ओळ आहे. रथाच्या दिवशी, सकाळी, या नावानं हे मशीन मागं नेलं. नाव माझं. ती ओळ पुसता येते, मला येतं ते. पुसलेली नाही. जपूनही ठेवलेली नाही, असं मी मनाशी म्हणायचो. पण गेल्या वर्षी सर्व्हर बदलायची वेळ आली तेव्हा मी मालकांना म्हणालो, हा अजून चालेल. मास्तरांचं मशीन अजून आत चालू आहे. जुन्या चादरींची मागणी आली की तेवढ्यापुरतं कुणीतरी उघडतं. ते मजेत आहे. आपण कुठं आहोत हे त्याला माहीत नाही.

मागच्या महिन्यात मी मास्तरांच्या घरी गेलो. सांगायचंच म्हणून गेलो होतो. खाली माग चालू होता, वरच्या खोलीत मास्तर खुर्चीवर. शेजारी एक वही. पान उघडंच होतं, म्हणून वाचलं. गॅस बंद केला. कुलूप लावलं. गोळी घेतली. आणि शेवटी, त्यांच्या त्या चौकोनात बसवल्यासारख्या अक्षरात: चार वाजता सर येणार, चहा.

"हे असं लिवून ठेवतो आता," ते म्हणाले. "डोकं फुटक्या माठागत झालंय. न्हाय म्हणायला तुमचे उपकार लई. त्या दिवशी मालक अंगावर आले तवा तुमीच मधी पडलात."

"काही काढता का अजून? कागदावर?"

"न्हाय ओ. काल काय काढलं ते आज आठवलं न्हाय तर? नकोच ते."

मुलगी चहा घेऊन आली. कडेला शेंगापोळी. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "शेंगापोळी छान झाली आहे." जिना उतरताना मास्तर वरून म्हणाले, "सर, चप्पल तुमचीच घातली न्हवं?" आणि स्वतःच हसले.

मास्तरांचं डोकं शाबूत होतं. मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं, दोनदा तर नाहीच. हे त्यांच्यासमोर, त्यांच्या मुलीसमोर आणि मालकांसमोर बोलायचं देणं मी लागतो. ते अजून फेडलेलं नाही.