डाग देणारी अनसाबाई

जनवाड्याच्या पल्याडच्या वस्तीवर अनसाबाईचं नाव निघालं की लोक आधी तिच्या तोंडाचं सांगत, मग हाताचं. तोंड म्हणजे तिखटाची पुडी. आणि हात? सळई तापवून पोटावर डाग द्यावा तर तिनंच. मेंढरं राखणाऱ्या घरातली ती. आधी कोकरांना डागायची, मग लोक लेकरंही आणायला लागले. पोट फुगलं, ने अनसाबाईकडं.

मग तिच्या लेकाला, इरप्पाला, मुलगा झाला. दूध पाजलं की हिरवंगार ओकायचा. पोट टम्म फुगलेलं, शी एकदाही नाही. अनसाबाईनं चुलीत सळई घातलीसुद्धा, पण सून नागूबाई लेकराला पदराखाली घेऊन ओरडली, "मला डागा, ह्याला न्हाई!" इरप्पानं पोराला गुलबर्ग्याला नेलं. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, आतडं जन्मापासूनच एका जागी बंद आहे, दूध खाली उतरणार कुठून? पोट उघडून बंद तुकडा काढला, दोन्ही टोकं जोडली. पोरगं जगलं. घरी आल्या आल्या अनसाबाईनं सळई विहिरीत टाकली. आजवर आपण डागलेल्यांतली कितीजणं अशीच बंद आतड्याची असतील, ह्या विचारानं तिला अन्न गोड लागेना.

पण लोक! नातवाच्या पोटावरची आडवी खूण बघून त्यांनी ठरवूनच टाकलं, हा अनसाबाईचाच डाग. "आगं, चिरलंय ते! टाके घातलेत!" ती कानीकपाळी ओरडायची. नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे! बायका मान डोलवून म्हणायच्या, "गुण आला बघा. घरच्या लेकराला मन लावून डागणारच की." मुडदा बशिवला ह्यांचा! उलट येणारे वाढले.

मागच्या साली गुरप्पाचं लेकरू असंच हिरवं ओकत आलं. अनसाबाईनं हातापाया पडून सांगितलं, गुलबर्ग्याला न्या. ते तडक कल्लप्पाकडं गेले, तोही डाग देतो. लेकरू गेलं. आणि बोल कुणाला? अनसाबाईला. हिनं डाग दिला न्हाई म्हणून!

आता भरदुपारी शेजारच्या वस्तीवरची रुद्रम्मा दारात उभी राहिली. हातात परवाच जन्मलेली नात, मागं तिची बाळंतीण लेक. दुपट्यावरची हिरवी ओक बघूनच अनसाबाईनं ओळखलं.

"अक्का, डाग दे."

"न्हाई देत. आतडं बंद आसल. गुलबर्ग्याला ने."

"कामून असं करायलीस? तुझ्या नातवाला दिलास की!"

"तो डाग न्हाई गं बाई, कितींदा सांगू!"

"आमचं लेकरू परक्याचं म्हणून व्हय?" रुद्रम्मा फणकाऱ्यानं वळली. "चल गं पोरी, कल्लप्पाकडं जाऊ."

अनसाबाईला रडू फुटायचंच बाकी होतं. खरं सांगून सांगून जीभ झिजली होती, आणि हे लेकरू तिच्या डोळ्यांदेखत कल्लप्पाच्या सळईखाली चाललं होतं. माणसानं करावं तरी काय?

"थांब!" ती ओरडली. "देते डाग. पण नातवाला दिला तो डाग हितं न्हाई देता येत. त्याची सळई गुलबर्ग्याला हाय, मोठ्या दवाखान्यात. तिथं माझा माणूस हाय, पांढऱ्या कोटातला. तो देतो, मी शेजारी बसते."

"आगं बया, मग हे आधी सांगायचं की!" म्हणत रुद्रम्मा मोटारीच्या थांब्याकडं पळतच सुटली.

वाटेत हुमनाबाद येईपर्यंत अनसाबाईनं रस्त्याला, ड्रायव्हरला आणि स्वतःला शिव्या घातल्या. गुलबर्ग्याच्या डॉक्टरनं लेकरू तपासलं आणि तिच्यावरच खेकसला, "म्हातारे, इतका वेळ काय करत होता? तुम्हा लोकांना अक्कल कधी येणार?" ती काय सांगणार, कपाळ?

ऑपरेशन झालं. काही दिवसांनी लेकरानं शी केली. नर्सनं दाखवलेल्या त्या घाण फडक्याला रुद्रम्मानं हात जोडले, लेक ढसाढसा रडली. मग शेजारच्या खाटेवरच्या बाईला रुद्रम्मा कौतुकानं सांगायला लागली, "ह्या अक्काचा डाग हाय. लई गुणाचा."

"खरंच व्हय, अक्का?" त्या बाईनं विचारलं.

अनसाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डोळ्यांत संतापाचं पाणी आलं.

"व्हय, माझाच," ती दात खाऊन म्हणाली. "तुमच्या गावात कुणाचं लेकरू हिरवं ओकलं तर त्यांनाबी सांगा. तडक हितं आणायचं. दुसरीकडं हा डाग मिळत न्हाई."