मनांगचा पांढरा शर्ट

मेरिडेलने मनांग देल्फिनांना पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या तिच्या तोंडाकडे नव्हे, पायांकडे बघत होत्या.

थायलंडमधल्या यासोथोनच्या बसस्टँडवर मे महिन्याची दुपार तापली होती. मेरिडेल फिलिपिन्समधल्या इलोइलोहून विमान, मग बँकॉकहून बस असं करत नुकतीच उतरली होती. जवळ एक अवजड सुटकेस आणि पायात रबरी चपला. जिथे शिकवायची नोकरी लागली होती त्या शाळेचा माणूस न्यायला येणार होता, त्याचा पत्ता नव्हता. समोरच्या बाकावर एक ठेंगणी, गोल बांध्याची बाई फुलाफुलांची छत्री मांडीवर आडवी ठेवून बसली होती.

"बूट आहेत?" बाईंनी तागालोग भाषेत विचारलं. नाव नाही, गाव नाही, थेट बूट.

"आहेत. सुटकेसमध्ये."

"बंद की पुढून उघडे?"

"थोडे उघडे."

"मग ते बूट नव्हेत. कॉलरचा पांढरा शर्ट?"

मेरिडेलने मान हलवली. नव्हता.

"जेवलीस?"

तेही झालेलं नव्हतं. आता मात्र बाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "चल, एवढं तरी आत्ताच्या आत्ता होण्यासारखं आहे," असं म्हणून त्यांनी छत्री उघडली, सुटकेसची दांडी धरली आणि चालायला लागल्या. शाळेचा माणूस आला तेव्हा मेरिडेल स्टँडमागच्या टपरीत चिकट भात आणि भाजलेली कोंबडी खात होती, आणि बाई तिला पुलापलीकडच्या गोष्टी सांगत होत्या.

पुलापलीकडच्या म्हणजे लाओसच्या. फिलिपिन्सहून येणारे शिक्षक आधी पाहुण्यांच्या शिक्क्यावर येतात. शाळेने कागद दिले की मेकाँग नदी ओलांडून सावन्नाखेतला जायचं आणि तिथल्या थाई कचेरीतून नोकरीचा व्हिसा आणायचा. नोकरी आहे तोवर व्हिसा, आणि व्हिसा आहे तोवर मुक्काम. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण जायचं कसं, खायचं कुठे, झोपायचं कुठे, खिडकीपलीकडच्या बाईशी बोलायचं काय, हे मनांग देल्फिनांना विचारावं लागे. विचारावंही लागत नसे म्हणा. त्या आपण होऊनच स्टँडवर येऊन बसत. शाळा सुरू व्हायच्या दिवसांत दर शनिवारी त्यांचा तिथे मुक्काम असे.

मनांग म्हणजे थोरली बहीण. त्या उत्तर फिलिपिन्समधल्या इलोकोस भागातल्या, म्हणून हा शब्द. त्या एका शाळेत बालवर्गाला शिकवत आणि मोठ्यांशीही बालवर्गाशी बोलावं तसंच बोलत.

"पूल ओलांडायच्या आधी खाऊन घ्यायचं. उपाशी माणूस रांगेत भांडतो. पिशवी बसच्या पोटात टाकायची नाही, मांडीवर घ्यायची. स्वतःचं पेन न्यायचं. खिडकीपाशी आधी 'आज फार उकडतंय ना' म्हणायचं, मग कागद द्यायचे. आणि निघायच्या आधी सुट्ट्या बघायच्या. कुठल्या?"

"लाओसच्या," मेरिडेल म्हणाली होती.

"दोन्ही देशांच्या," असं म्हणून मनांगनी तिच्या ताटात कोंबडीचा आणखी एक तुकडा टाकला होता. चुकलेल्या उत्तराला शिक्षा म्हणून.

आणि शर्ट. पूर्वी कधी तरी मनांग एकट्याच या देशात आल्या, तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं. बिनबाह्यांचा झगा घालून त्या व्हिसाचा फोटो काढायला गेल्या. फोटोवाला म्हणाला, असला फोटो चालत नाही. त्या रडकुंडीला आल्या. अंडी विकणारी एक बाई आपल्या मुलाचा फोटो न्यायला त्या दुकानात आली होती. तिने पडद्यामागे जाऊन अंगातला पांढरा शर्ट काढून दिला आणि फोटो होईपर्यंत बनियनवर बसून राहिली. मनांगनी पुढच्या बाजारात तसाच जुना शर्ट विकत घेतला. कॉलरचं एक टोक उसवलं होतं, ते त्यांनी हाताला लागलेल्या निळ्या दोऱ्याने शिवलं. तेव्हापासून गावात जी जी फिलिपिनो शिक्षिका आली, तिचा व्हिसाचा फोटो त्याच शर्टात निघाला. चेहरे जाड, बारीक, गोरे, सावळे, आणि खाली तीच कॉलर, तोच निळा टाका. पुरुषांसाठी कवायतीचे मास्तर रोमुलो यांचा काळा कोट होता. पण त्या कोटाला शर्टाची सर नव्हती, कारण रोमुलो तो धुवत नसत.

रविवारी चर्चनंतर सगळे मनांगच्या खोलीवर जेवायला जमत. तिथे इलोकोसच्या लोकांच्या कंजूषपणावरून मनांगची थट्टा चाले. "मनांगनी मासा तळला की वास आम्हाला आणि मासा उद्याला," रोमुलो म्हणत. मग मनांग मेरिडेलच्या इलोइलोवर घसरत. तिकडची बोली इतकी मऊ की माणूस रागावलं तरी लाडात आल्यासारखं वाटतं. "ही बघा, रोमुलोला शिव्या देतेय," त्या म्हणत. "कुणी तरी पाळणा हलवा."

अशी वर्षं गेली. मेरिडेल गावात रुळली, शहराबाहेरच्या ख्रिस्ती सिस्टरांच्या शाळेत पक्की झाली. नव्या पोरींना आता तीही पेन न्यायला सांगू लागली.

मग एका फेब्रुवारीत मनांग वस्तू वाटायला लागल्या. भाताचा कुकर रोमुलोंना दिला. "माझ्याकडे दोन झालेत," म्हणाल्या. पंखा एका नव्या जोडप्याला दिला. पडदे कुणाला, कढई कुणाला. सगळ्यांनी आनंदाने घेतलं, निदान मेरिडेलला तसं दिसलं. इलोकोसचं माणूस फुकट देतंय म्हटल्यावर कारण कोण विचारणार? पण ती फुलांची छत्री त्यांनी मेरिडेलच्या हातात ठेवली, तेव्हा तिच्या मनात चर्र झालं. उन्हात बिनछत्रीची मनांग म्हणजे बिनशिडाची होडी.

"मनांग, खरं सांगा. कुठे निघालात?"

मनांगनी आधी इकडचं तिकडचं केलं, मग सांगून टाकलं. एप्रिलमध्ये त्यांना साठ वर्षं पूर्ण होत होती. शाळेचा नियम साठचा. मुख्याध्यापकांनी फार हळहळून सांगितलं होतं, पण सांगितलं होतं. मार्चअखेर नोकरी संपली की व्हिसा संपला.

"दुसरी शाळा बघू की."

"या वयात कोण घेणार? आणि मी जागा अडवली तर नव्या पोरींनी जायचं कुठे?"

"मग गावी?"

"भावाचं घर आहे. चांगली माणसं आहेत. माझ्यासाठी वेगळा कप काढून ठेवतील." मनांग जरा थांबल्या. "पाहुण्यांचा."

त्यांना जायचं नव्हतं. हे त्या बोलल्या नाहीत, पण मेरिडेलला ते त्या कपात दिसलं. वर मनांगनी शपथ घातली, "कुणाला सांगायचं नाही. जेवणाच्या टेबलावर रडारड झालेली मला चालणार नाही."

मेरिडेल दोन दिवस घुसमटली. मनांगचीच शिकवण होती की मदत करायची तर गाजावाजा करू नये, घेणाऱ्याची मान खाली जाते. म्हणून तिने टेबलावरच्या कुणालाही काही सांगितलं नाही. फक्त आपल्या शाळेच्या सिस्टर बुन्सींना जाऊन भेटली. बालवर्गाला एक टीचर आहे, म्हणाली. वय विचारू नका, वर्ग बघा.

मार्चच्या एका रविवारी मनांग टेबलाशी आल्या त्या भांडी आपटतच.

"माझं गुपित कुणी फोडलं?"

सगळे आपापल्या ताटात बघू लागले.

"मला तीन शाळांतून फोन आले. तिघांनाही गुरुवारी सकाळीच नमुन्याचा तास हवाय. एक शाळा तर मुलांची आहे. मोठ्या मुलांची. तिथे मी काय करू, बडबडगीतं म्हणू?"

"मी कुणाला सांगितलं नाही," मेरिडेल म्हणाली. टेबलावरच्या कुणाला, हे तिने मनातल्या मनात जोडलं.

"मीही नाही," रोमुलो म्हणाले. "आमच्या मुख्याध्यापकांना सोडून."

"मीपण नाही," पंखा नेलेल्या जोडप्यातली बायको पुटपुटली. "फक्त आमच्या मुख्याध्यापिका बाईंना."

मग उलगडा झाला. कुकर, पंखा, छत्री देताना मनांगनी प्रत्येकाला वेगवेगळं गाठून एकच शपथ घातली होती, आणि प्रत्येकाने ती एकमेकांपुरती तंतोतंत पाळली होती. एकमेकांना कळलं असतं तर एकाच शाळेत गेले असते. त्यांच्याच शिकवणीने त्यांची पंचाईत केली होती.

मनांग खुर्चीत बसल्या. "मी कुणाकडे काही मागितलं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या.

"मी तरी कुठे मागितलं होतं?" रोमुलो म्हणाले. "मी स्टँडवर उतरलो, तुम्ही माझ्या पायांकडे बघितलंत आणि बूट विचारलेत. आता गप जेवा. आणि माझा कुकर परत मागू नका, मला आवडलाय."

मनांग गप जेवल्या. मग गुरुवारी दोन शाळांना नम्रपणे नकार कळवून सिस्टरांच्या शाळेत गेल्या. त्यांनी बालवर्गाला नमुन्याचा तास दिला. तास संपल्यावर मुलं त्यांना सोडेनात, तेव्हा सिस्टर बुन्सी मेरिडेलला म्हणाल्या, "वय मी विचारलं नाही. तूही कुणाला सांगू नकोस."

राहिला व्हिसा. दर वर्षी मनांगचा मुक्काम जागच्या जागी वाढवून मिळत असे, त्यामुळे नदीपलीकडच्या त्या खिडकीपाशी त्या पहिल्या वेळेनंतर कधी गेल्याच नव्हत्या. आता नवी शाळा, नवे कागद, नवा फोटो. फोटो म्हटल्यावर शर्ट आला, आणि शर्टाची बटणं काही केल्या लागेनात. तो इतक्या पोरींच्या अंगावर फिरला, पण इतक्या वर्षांत मालकिणीने घालून बघितला नव्हता.

"श्वास रोखा, मनांग."

"फोटो काढून घ्यायचाय मला. बुडायचं नाहीये."

शेवटी मेरिडेलने शर्टाची पाठ मधोमध कापून उशीच्या जुन्या अभ्र्याची रुंद पट्टी घातली. पुढून तोच शर्ट, तोच निळा टाका.

शाळांना सुट्टी लागली होती. मनांग निघाल्या तेव्हा मेरिडेल आणि रोमुलो आपण होऊनच बरोबर निघाले. मुकदाहानपर्यंत एक बस, तिथून पुलावरून पलीकडे जाणारी दुसरी. वाटेत दोघांनी मनांगना सूचना देऊन देऊन हैराण केलं. पिशवी मांडीवर घ्या. पेन घेतलं? खाल्लं का? मनांग चिडून खिडकीबाहेर बघत राहिल्या, पण खांदे हसण्याने हलत होते.

सावन्नाखेतला कचेरीसमोर उतरले, तर फाटक बंद. आत चिटपाखरू नाही. एक रखवालदार झाडाखाली झोपला होता. त्याने डोळे न उघडताच सांगितलं, आज थाई सुट्टी.

मनांगनी फाटक एकदा हलवून बघितलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. लाओसच्या सुट्ट्या त्यांनी दोनदा तपासल्या होत्या. स्वतःच्या शाळेलाच सुट्टी असल्यामुळे थाई सुट्टी डोक्यातच आली नव्हती. त्या फाटकाच्या पायरीवर बसल्या. मेरिडेल शेजारी बसली आणि आपल्या मऊ इलोइलो आवाजात म्हणाली, "मनांग, सुट्ट्या बघायच्या असतात. कुठल्या?"

रोमुलो पोट धरून हसत फुटपाथवर बसले. मनांग आधी रागाने लाल झाल्या, मग त्यांनाही हसू आवरेना, इतकं की रखवालदाराला डोळे उघडावे लागले. तो दिवस त्यांनी नदीकाठी मासे खाण्यात घालवला. मनांगनी पैसे दिले. "चुकलेल्या उत्तराची शिक्षा," त्या म्हणाल्या, आणि रोमुलोंनी ही गोष्ट गावात जाऊन सांगायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही, तरी त्यांनी सांगितलीच.

दुसऱ्या दिवशी मनांग खिडकीपाशी उभ्या राहिल्या, तेव्हा मेरिडेल मागे बाकावर बसली होती. मनांग "आज फार उकडतंय ना" म्हणायला विसरल्या. खिडकीतल्या बाईंनी कागद घेतले. जन्मतारखेवर त्यांचं बोट थांबलं. मग त्यांनी फोटो उचलला, उजेडाकडे धरला आणि शेजारच्या टेबलावरच्या दुसऱ्या बाईंना हाक मारली. दोघी फोटो बघू लागल्या. मेरिडेल उठून उभी राहिली.

"हा शर्ट तुमचा आहे का?" बाईंनी विचारलं.

"सगळ्यांचाच आहे," मनांग म्हणाल्या.

"मी या खिडकीत बसते तेव्हापासून बघतेय. माणसं बदलतात, हा निळा टाका तोच. आम्ही दोघी दर वर्षी म्हणतो, एवढी शिस्तीची कुठली शाळा असेल." बाई हसल्या आणि शिक्क्याकडे हात नेत म्हणाल्या, "मालकीणबाईंना यायला एवढा उशीर का झाला? उद्या दुपारी या, पासपोर्ट मिळेल."

मनांग वळल्या. बाकापर्यंत आल्या. मग परत खिडकीकडे गेल्या आणि म्हणाल्या, "आज फार उकडतंय ना."

तो शर्ट आता मेरिडेलच्या कपाटात असतो. पाठीतली पट्टी तशीच आहे, त्यामुळे बारीक पोरींच्या पाठीला तो धुण्याच्या चिमट्यांनी आवळावा लागतो. छत्री मनांगनी परत मागून घेतली. त्या सिस्टरांच्या शाळेत बालवर्गाला शिकवतात, शाळेमागच्या दोन खोल्यांत राहतात आणि मे महिन्याच्या शनिवारी बसस्टँडवर असतात.